नवऱ्याच्या व्हिसावर, पण स्वतःच्या नावावर

लेक किंवा सून परदेशी निघाली की आपल्याकडे सगळं घर कामाला लागतं. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, छोटा कुकर, पोळपाट-लाटणं... काट्यावर बॅग चढवून-उतरवून माणसं घामाघूम होतात. कागदपत्रांची फाईल मात्र जावयाच्या नाहीतर मुलाच्या हातात असते. "त्यालाच कळतं त्यातलं," असं म्हणून आपण मोकळ्या होतो.

मैत्रिणींनो, आज मला त्या फाईलबद्दलच बोलायचंय. महिला समुपदेशनाचं काम करताना परदेशी गेलेल्या मुलींच्या आया माझ्याकडे येतात. हल्ली आपल्यासारख्या छोट्या गावांतल्या मुलीही लग्न होऊन जपानला जातात. नवरा आयटी कंपनीत आणि ही त्याच्यावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून, म्हणजे 'डिपेंडंट' व्हिसावर. तिथे पोचल्यावर पहिलं काम असतं ते नगरपालिकेत नाव नोंदवण्याचं. वरवर साधं वाटणारं हे काम बाईच्या दृष्टीने किती मोलाचं आहे, ते आपण नीट समजून घ्यायला हवं.

चौदा दिवसांची मुदत

तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या परदेशी माणसाला टोकियोच्या नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळावरच निवास कार्ड मिळतं. त्यावर फोटो, नाव, व्हिसाचा प्रकार असतो, पण पत्ता नसतो. राहायचं घर ठरलं की तिथे गेल्यापासून १४ दिवसांच्या आत त्या भागातल्या नगरपालिकेत जायचं. शहराच्या पालिकेला तिथे 'शियाकुशो' म्हणतात, टोकियोतल्या वॉर्डाच्या कचेरीला 'कुयाकुशो'. टोकन घ्यायचं, फॉर्म भरायचा, पासपोर्ट आणि कार्ड द्यायचं. कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता छापून मिळतो. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' याची सवय असलेल्या आपल्या मुलींना तिथलं काम एका फेरीत झालेलं पाहून नवल वाटतं. कुठला कचरा कोणत्या वारी टाकायचा, याचं वेळापत्रकसुद्धा बऱ्याच ठिकाणी तिथेच हातात ठेवतात!

पण ही मुदत हसण्यावारी नेऊ नये. उशीर झाला तर दंड होऊ शकतो. ९० दिवस उलटूनही सबळ कारणाशिवाय पत्ता कळवला नाही, तर राहण्याची परवानगीच रद्द होऊ शकते. बाळंतपणाला वगैरे ९० दिवसांच्या पाहुण्या-व्हिसावर जाणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना मात्र ही नोंदणी लागत नाही.

कागदावर नसलेली आई

नोंद झाली की 'जुमिनह्यो' हा रहिवासी दाखला काढता येतो. आपल्याकडच्या रेशनकार्डासारखी त्यावर कुटुंबाची यादी असते. कुटुंबप्रमुख कोण आणि बाकीच्यांचं त्याच्याशी नातं काय, असं सगळं एका कागदावर.

परदेशी माणसांना हा दाखला पूर्वी मिळत नसे. १९५२ च्या कायद्याने त्यांची नोंद वेगळ्या रजिस्टरात व्हायची. एखाद्या जपानी माणसाची बायको परदेशी असली, तर घराच्या दाखल्यावर नवरा दिसायचा, मुलं दिसायची, पण त्या मुलांची आई सदस्य म्हणून दिसायची नाही. एकाच छपराखाली राहून, स्वयंपाकपाणी करून, मुलं वाढवून कागदावर ती नाहीच!

२००३ मध्ये तर एक मजेशीर प्रकार घडला. नदीत आलेल्या एका सील प्राण्याचं लोकांना फार कौतुक होतं. 'तामा-चान' हे त्याचं लाडाचं नाव. योकोहामा शहरातल्या निशी वॉर्डाने त्याला मानाचा रहिवासी दाखला देऊन टाकला. वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या परदेशी रहिवाशांना हे झोंबलं. त्यांच्यातले काहीजण चेहऱ्यावर सीलसारख्या मिशा रंगवून गेले आणि 'मग आम्हालाही दाखला द्या' म्हणाले. पुढे ९ जुलै २०१२ पासून कायदा बदलला आणि परदेशी रहिवासीही त्याच यादीत आले. आज आपल्या मुलीला मिळणाऱ्या कागदामागे एवढा इतिहास आहे.

एका कागदावर किती गोष्टी

बँकेचं खातं, मोबाइल, भाड्याचं घर, असं जिथे जाल तिथे पत्त्याचा पुरावा मागतात. नोंदणीनंतर प्रत्येकाला 'माय नंबर' नावाचा बारा आकडी क्रमांक मिळतो. आरोग्य विमाही याला जोडलेला आहे. नवऱ्याच्या कंपनीचा विमा असेल तर पत्नीचं नाव त्यात येतं. नसेल तर पालिकेतच राष्ट्रीय विम्यात नाव घालावं लागतं. मग मोठ्या माणसांना उपचाराच्या खर्चातला साधारण ३० टक्के भाग स्वतः भरावा लागतो. २ डिसेंबर २०२४ पासून विम्याची जुन्या पद्धतीची कार्डं नव्याने देणं बंद झालं. आता माय नंबर कार्ड दाखवायचं किंवा त्याऐवजी मिळणारं पात्रतेचं पत्र न्यायचं.

दिवस गेल्याचं पालिकेला कळवलं की आई-बाळाच्या तब्येतीची नोंदवही मिळते. १९४८ पासून चालत आलेल्या या वहीला 'बोशी तेच्यो' म्हणतात आणि ती इंग्रजीतही असते. सोबत तपासण्यांसाठी सवलतीची कुपनं मिळतात. बाळ झालं की १४ दिवसांत त्याचा जन्म पालिकेत नोंदवायचा आणि ३० दिवसांत त्याच्या व्हिसासाठी इमिग्रेशन कचेरीत अर्ज करायचा. बाळाला भारताचं नागरिकत्व मिळण्यासाठी वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करायला विसरू नये. आई-बाप दोघेही भारतीय असले की जपानमध्ये जन्मल्यामुळे बाळ जपानी होत नाही.

"मी करून आणतो, तू घरी थांब"

इथे खरी गोम आहे. घरातल्या सर्वांची नोंद नवरा एकटाही करू शकतो. भाषा येत नाही, थंडी आहे, उगीच कशाला दोघांनी जायचं, असं म्हणत तो बहुतेक प्रेमानेच जातो. पण त्यामुळे आपली नोंद कुठे आहे हेच बाईला माहीत नसतं. घरात सगळं गोडीगुलाबीचं असेल तोवर काही बिघडत नाही.

आमच्याकडे आलेल्या एका आईची लेक अशीच अडकली होती. भांडण झालं की नवरा तिचा पासपोर्ट आणि निवास कार्ड कपाटात कुलूपबंद करायचा. "आई, माझ्याकडे एकही कागद नाही गं," असं ती फोनवर रडत सांगायची. तिला ठाऊक नव्हतं की १६ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी रहिवाशाने ते कार्ड कायम स्वतःजवळ बाळगायचं, असा तिथला कायदाच आहे. म्हणजे कार्ड काढून घेणारा नवरा तिच्याकडूनच कायदा मोडवत होता. पालिकेच्या खिडकीवर स्वतःच्या नावाने दाखला मागता येतो, हेही तिला खूप उशिरा कळलं.

आणखी एक सोय आपल्या बायकांना माहीत हवी. घरातल्या मारहाणीमुळे वेगळं राहावं लागलं, तर पालिकेत अर्ज करून आपला नवा पत्ता नवऱ्याला मिळू नये अशी व्यवस्था करता येते. २००४ पासून ही तरतूद आहे. ती एका वर्षाची असते आणि पुढे वाढवता येते. परदेशी बाईलाही तिचा आधार घेता येतो.

तयारी इथूनच

तिथल्या खिडकीवर आपल्या मुलींचं घोडं अडतं ते विवाह नोंदणीच्या दाखल्यापाशी. कुटुंबप्रमुखाशी नातं लिहायचं तर त्याचा पुरावा लागतो. लग्नपत्रिका, अल्बम किंवा मंगळसूत्र दाखवून 'पत्नी' लिहून मिळत नाही. विवाहाचा दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर द्यावं लागतं. भाषांतर कोणी केलं तेही त्यावर हवं.

आपल्याकडे मंगलाष्टकं झाली की लग्न झालं. नोंदणीचं नंतर बघू म्हणत वर्षं जातात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत विवाह नोंदणी होते. सर्वच विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं. परदेशी जाणाऱ्यांनीच काय, गावात राहणाऱ्या प्रत्येकीने हा दाखला काढून ठेवावा. पोटगी, वारसा, पेन्शन अशा वेळी हाच कागद उपयोगी पडतो.

दुसरी अडचण नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, शाळेच्या सर्टिफिकेटवर स्पेलिंग तिसरंच! जपानच्या कार्डावर पासपोर्टवरचं इंग्रजी नाव जसंच्या तसं उतरतं. म्हणून निघण्याआधीच सगळीकडचं नाव आणि स्पेलिंग जुळवून घ्यावं.

टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक जपानी नागरिक झाल्यावर २०१९ मध्ये त्याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. परक्या गावच्या पालिकेत आपला माणूस इथवर पोचतो, तर आपल्या लेकीने निदान तिथली पायरी तरी स्वतः चढावी.

तेव्हा आयांनो, सासवांनो, बॅग भरताना मसाल्याच्या डब्यांसोबत तिची स्वतःची एक फाईल करून द्या. विवाहाचा दाखला, जन्माचा दाखला, शिक्षणाची सर्टिफिकेटं, पासपोर्टची झेरॉक्स त्यात ठेवा आणि प्रत्येकाची एक प्रत माहेरी ठेवून घ्या. आणि तिला बजावून सांगा, "पालिकेत जावईबापूंबरोबर तूही जा. फॉर्मवर काय लिहिलंय ते विचारून घे, आणि कार्ड तुझ्याच पर्समध्ये ठेव."