हायड्राच्या अंगावरील उवा

खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतात ते डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. अ‍ॅक्रोपोरा या फांद्या फुटणाऱ्या प्रवाळावर टेगास्टिस नावाचा अर्ध्या मिलिमीटरचा पिवळट, लाल ठिपक्याचा कवचधारी प्राणी फिरतो. त्याच प्रवाळावर एक चपटा कृमी राहतो. त्याचा रंग प्रवाळाच्या रंगाशी इतका मिळतो की, प्रवाळ फिका पडू लागेपर्यंत तो लक्षातच येत नाही. कुत्र्यांना जंतांसाठी देतात ते मिल्बेमायसिन टाकीत घातले की टेगास्टिस मरतो, पण टाकीतले खेकडे आणि कोळंबीही मरतात, कारण तीही कवचधारीच.

हे सारे उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या शाळेत दाखवायचे कसे? प्रवाळ विकत आणणे हा मार्ग नव्हे. खडक बांधणारी सर्व प्रवाळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० साली वरळी व हाजीअली येथील १८ प्रवाळ-वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही आधी परवानगी घ्यावी लागली. सुदैवाने प्रवाळाचा एक गोड्या पाण्यातला भाऊबंद आपल्या जवळ आहे : हायड्रा. तोच पोकळ नळीसारखा देह, तोंडाभोवती त्याच स्पर्शिका, त्याच दंशपेशी. फक्त चुन्याचे घर नाही. आणि या भाऊबंदालाही प्रवाळासारखाच उपद्रव होतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत मात्र तो दाखवलेला नसतो.

पावसाळा संपल्यावर स्वच्छ, संथ पाण्यातल्या पाणवनस्पती थोड्या पाण्यासह काचेच्या बरणीत आणाव्यात. वालधुनीचे पाणी मात्र नको. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावून प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी उल्हासनगरात पोचेपर्यंत कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी पोटात घेते. हायड्रा तेथे तग धरणार नाही. बरणी खिडकीजवळ, पण उन्हात न येईल अशी ठेवावी. बरणीत हायड्रा असतील तर एकदोन दिवसांत प्रकाशाकडच्या काचेवर सुताच्या तुकड्यासारखे लोंबताना दिसतात. त्यांना डॅफ्निया म्हणजे पाणपिसवा खाऊ घालाव्यात.

आता एक हायड्रा थेंबभर पाण्यात घेऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पुष्कळदा त्याच्या अंगावर काहीतरी लगबगीने चालताना दिसेल. लंबगोल, चपटा, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका जीव असेल तर तो केरोना. पोटाकडच्या केसांच्या झुबक्यांचा पायांसारखा उपयोग करून तो चालतो. त्याहून लहान, बशीच्या आकाराचा आणि तळाशी दातेरी कडे असलेला, गरगर फिरत सरकणारा जीव म्हणजे ट्रायकोडिना. दोघेही एकपेशीय. ज्या दंशपेशी पाणपिसवेला क्षणात लुळी करतात, त्यांच्यावरूनच हे बिनधास्त फिरतात! लेव्हेनहुकने १७०२ सालच्या पत्रात हायड्राचे वर्णन केले, त्यात अंगावरच्या या बारीक जीवांचीही नोंद आहे. आब्राहम ट्राम्ब्लेने १७४४ च्या ग्रंथात तर त्यांना सरळ उवाच म्हटले.

तिसरा पाहुणा अधिक घातक आहे : हायड्रामीबा. हा अमीबा हायड्राच्या बाह्यस्तरातील पेशी खातो. स्पर्शिका आखडतात, देह गोळा होतो आणि काही दिवसांत हायड्रा विरघळल्यासारखा नाहीसा होतो. प्रात्यक्षिकाच्या आठवड्यातच बरणी रिकामी झाली, तर संशयितांच्या यादीत याचेही नाव असावे.

औषध घालण्याचा मोह येथे आवरावा. माशांच्या काही औषधांत मोरचूद, म्हणजे तांबे असते. प्रवाळ आणि हायड्रा दोघांनाही तांबे सोसत नाही. हायड्रासाठी तांब्याच्या कळशीतले पाणीदेखील वापरू नये. (गंमत अशी की, कोळंबी पाळणाऱ्यांच्या टाकीत हायड्रा हाच उपद्रवी ठरतो आणि ते त्याला मारायला कुत्र्यांचे दुसरे एक जंतांचे औषध घालतात.) यजमान आणि उपद्रवी दोघेही नाजूक, दोघेही एकाच पाण्यात, विष त्यांच्यात निवड करीत नाही. मग फरक शोधायचा तो चिकटून राहण्यात. हायड्रा तळव्याने घट्ट धरतो, उवा नुसत्या चालतात.

म्हणून धुणे. चार-पाच लहान वाट्यांत दोन दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडालेले पाणी घ्यावे. हायड्रा पहिल्या वाटीत सोडून ड्रॉपरने हलक्या पिचकाऱ्या माराव्यात, चिकटून राहिलेल्या उवा मऊ कुंचल्याने झटकाव्यात, मग हायड्रा पुढच्या वाटीत. शेवटच्या वाटीतही भिंगातून तपासावे. एखादी उरलेली ऊ दुभागत दुभागत पुन्हा वस्ती करते, म्हणून तीन-चार दिवसांनी तेच सारे पुन्हा. ड्रॉपर व कुंचला दुसऱ्या बरणीत बुडवू नये. अमीबाने ग्रासलेली बरणी रिकामी करून उकळत्या पाण्याने धुवावी हे बरे.

प्रवाळाच्या टाकीतही जाणकार हेच करतात : नवा तुकडा आधी वेगळ्या भांड्यात ठेवणे, पाण्याच्या झोताने कृमी उडवणे, सांगाड्यावर चिकटवलेली अंडी खरवडणे. अंड्यांवर औषधांचा परिणाम होत नाही. २७ अंश सेल्सियसला त्या चपट्या कृमीचे जीवनचक्र सुमारे ३८ दिवसांत पुरे होते, हे ऑस्ट्रेलियातील अभ्यासातून कळले आहे. तेव्हा आठवड्याभरात ‘टाकी स्वच्छ झाली’ म्हणणे घाईचे.

एक प्रश्न विद्यार्थ्यांसाठी ठेवतो. केरोना हायड्राला खरोखर अपाय करतो, की त्याच्या अंगावरचे जिवाणू आणि खरकटे खाऊन राहतो, याविषयी एकमत नाही. धुतलेले दहा हायड्रा एका बरणीत, न धुतलेले दहा दुसरीत. पाणी, प्रकाश आणि पाणपिसवांची संख्या सारखी. तीन आठवडे रोज दोन्हींकडच्या कळ्या मोजा. धुण्याच्या हिसक्यानेही हायड्रा काही काळ मंदावतो, तेव्हा पहिल्या दोन दिवसांची मोजणी सोडून द्या.