एकमापी शर्यत-नौका आणि तिच्यातील सुधारणा

मापात फरक पडला म्हणजे व्यवहारात न्याय उरत नाही, हे मानवतच्या कापूस-बाजारात वावरणाऱ्यास सांगावे लागत नाही. शिडाच्या लहान नौकांच्या शर्यतीसही हेच तत्त्व लागू पडते. ज्या वर्गातील सर्व नौका एकाच आराखड्याच्या असाव्या लागतात, त्यास 'एकमापी' वर्ग म्हणता येईल. जय नौकेच्या श्रेष्ठतेने नव्हे, तर नाविकाच्या कौशल्याने ठरावा, हा त्यामागील हेतू होय. परंतु मापच बदलले, तर जुनी नौका बाळगणाऱ्यावर अन्याय होतो. न बदलावे, तर तिचे दोष कायम राहतात. हा पेच 'लेझर' नौकेच्या इतिहासात स्पष्ट दिसतो.

ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही एका नाविकाची नौका १९७१ मध्ये लोकांपुढे आली. तिची लांबी ४.२३ मीटर, व केवळ धडाचे वजन सुमारे ५९ किलो. १९९६ पासून ऑलिम्पिक स्पर्धांत तिला स्थान मिळाले.

तिच्यातील पहिली महत्त्वाची सुधारणा दोरांची. शिडाचा ताण कमीजास्त करणारे दोर पूर्वी बव्हंशी दोराच्याच फासांतून ओवलेले असत. घर्षणामुळे ते ओढण्यास मोठे बळ लागे. २००१ मध्ये अधिक कप्प्यांची योजना मान्य झाली, आणि हलक्या बांध्याच्या नाविकासही शीड नीट आवरणे सुकर झाले.

दुसरी सुधारणा शीड व डोलकाठी यांची. जुन्या शिडाचे कापड लवकर ढिले पडे. डोलकाठीचा ॲल्युमिनियमचा वरचा भाग जोराच्या वाऱ्यात कायमचा वाके. ज्याची ऐपत असे तो हे भाग वारंवार नवे घेई. म्हणजे समता कागदावरच राही. पुढे अधिक जाड कापडाचे शीड व कार्बन-तंतूंचा वरचा भाग यांस मान्यता मिळाली. जुने भागही नियमबाह्य ठरविण्यात आले नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

तिसरी सुधारणा म्हणजे एकाच धडावर तीन आकारांची शिडे: ७.०६, ५.७६ व ४.७ चौरस मीटर. २०१९ मध्ये व्यापारचिन्हाच्या वादातून नौकेचे नाव 'इल्का' झाले, तेव्हा ७, ६ व ४ हे उपवर्गांचे अंक या क्षेत्रफळांवरूनच आले. २०२३ मध्ये हांगचौ येथे भरलेल्या आशियाई स्पर्धांत लष्कराच्या मुंबई येथील नौकानयन केंद्राचे विष्णू सरवणन यांनी 'इल्का ७' मध्ये कांस्यपदक, तर नेहा ठाकूर यांनी 'इल्का ४' मध्ये रौप्यपदक मिळविले.

या तिन्ही सुधारणा काढता-घालता येणाऱ्या भागांत झाल्या. धडाच्या आकारास हात लागला नाही. यास्तव जुन्या नौकेचा धनी थोड्या खर्चात नव्यांच्या बरोबरीस येऊ शकतो. तथापि जुने धड पाणी शोषून जड होते आणि त्याचा ताठपणा कमी होतो. आकाराची समता नियमाने साधते. वयाची समता कोणत्याही नियमास साधलेली नाही.