फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल : हा ‘इन’ नकाराचा नव्हे

आज एकच जोडी घेऊ या, पण नीट घेऊ या. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल. पहिल्या शब्दाचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो : चटकन पेट घेणारा. मग दुसऱ्याचा अर्थ काय? इंग्रजी थोडंफार येणारा माणूस लगेच हिशोब करतो. करेक्टच्या उलट इनकरेक्ट, व्हिजिबलच्या उलट इनव्हिजिबल, म्हणून फ्लेमेबलच्या उलट इनफ्लेमेबल. म्हणजे न पेटणारा!

हिशोब बरोबर दिसतो, उत्तर मात्र चुकतं. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे : चटकन पेट घेणारा. इतर जोड्यांमध्ये चूक झाली तर फार तर परीक्षेतला एखादा गुण जातो. इथे चूक झाली तर माणूस भाजतो. म्हणून या जोडीला अख्खं व्याख्यान द्यायचं.

आधी हा घोळ झाला कसा ते पाहू. लॅटिनमध्ये ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाला. त्याला ‘इन’ लागून ‘इनफ्लामारे’ हे क्रियापद झालं. अर्थ : आग लावणं, पेटवणं. हा ‘इन’ आत, मध्ये अशा अर्थाचा आहे. इनहेल म्हणजे श्वास आत घेणं, त्यातला हा ‘इन’. लॅटिनमध्ये नकाराचा ‘इन’ही होता, आणि तो इनव्हिजिबलमध्ये आला. दोन वेगळे उपसर्ग, दिसायला मात्र अगदी सारखे.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. मराठीतला ‘वि’ घ्या. विख्यात म्हणजे फार ख्याती असलेला. पण विफल म्हणजे फळ नसलेला, आणि विरूप म्हणजे रूप बिघडलेला. एकच ‘वि’ एकीकडे अर्थ वाढवतो, दुसरीकडे काढून घेतो. आपण लहानपणापासून ऐकत आल्यामुळे गडबडत नाही. पण मराठी नव्याने शिकणाऱ्या माणसाने ‘विख्यात’चा अर्थ ‘ख्याती नसलेला’ असा लावला, तर त्याला हसायचं कसं?

आता क्रम लक्षात घ्या, कारण खरी गंमत तिथे आहे. इंग्रजीत आधी आला तो इनफ्लेमेबल, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. फ्लेमेबल त्यानंतर साधारण दोनशे वर्षांनी आला. म्हणजे दोनशे वर्षं इंग्रजी माणूस पेटणाऱ्या वस्तूला इनफ्लेमेबलच म्हणत होता. त्याच कुळातला इनफ्लमेशन शब्द डॉक्टर आजही वापरतात. सूज येते, जागा लाल होते, आग आग होते, ते इनफ्लमेशन. तिथे नकाराची शंका कुणाला येत नाही.

मग फ्लेमेबल पुढे आणला कुणी? आग विझवणाऱ्यांनी आणि आगीचा विमा उतरवणाऱ्यांनी. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकात आग्रह धरला की सूचनाफलकांवर फ्लेमेबल हाच शब्द वापरा. व्याकरणाच्या दृष्टीने इनफ्लेमेबलमध्ये काहीही चूक नव्हती. पण घाईत फलक वाचणारा कामगार लॅटिनचा विचार करत नाही, आणि त्याने करावा अशी अपेक्षाही चुकीची.

याच काळातलं आणखी एक नाव सांगतो : बेंजामिन ली व्होर्फ. भाषाशास्त्रात मोठं नाव, पण पोटापाण्याचा व्यवसाय विमा कंपनीत आगप्रतिबंधक अभियंत्याचा. 1919 पासून 1941 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी हेच काम केलं. आगी का लागतात याचे अहवाल तपासताना त्यांच्या लक्षात आलं की कारण नुसतं वायरीत किंवा नळीत नसतं. कधी कधी ते शब्दात असतं. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागत. पण ‘रिकामी पिंपं’ म्हटलं की धास्ती संपे, तिथे बिड्या-सिगारेटी चालत. प्रत्यक्षात रिकामं पिंप जास्त धोक्याचं, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण उरलेलं असतं.

इथे थोडं रसायनशास्त्र सांगावं लागेल. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट सुमारे उणे 40 अंश सेल्सिअस. म्हणजे पुण्यातल्या कडाक्याच्या थंडीतसुद्धा त्याची वाफ पेटायला तयारच असते. ही वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. आणि घरातलं उदाहरण हवं असेल तर अल्कोहोलचं सॅनिटायझर. त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण 20 अंशांच्या आतच. हाताला चोळून ते वाळायच्या आत गॅस पेटवायला जाऊ नये ते यासाठी.

आपल्याकडे कोणता शब्द चालतो? दोन्ही. आपल्याकडे 1952 चा एक कायदा आहे, त्याच्या नावातच इनफ्लेमेबल सब्स्टन्सेस आहे. रस्त्यावरच्या टँकरच्या पाठीवर ‘हायली इनफ्लेमेबल’ अजूनही सर्रास दिसतं. उलट रसायनांच्या लेबलांची जी संयुक्त राष्ट्रांची पद्धत आहे, तिच्यात फ्लेमेबल आहे. एकाच गोदामात दोन डब्यांवर दोन शब्द असू शकतात. नव्याने कामाला लागलेल्या मुलाने त्यातला एक धोक्याचा आणि दुसरा बिनधोक मानला, तर दोष त्याचा किती म्हणायचा?

म्हणून शब्दापेक्षा चित्र पाहा. चौकोन टोकावर उभा केलेला आणि त्यात ज्वाला. टँकरवर तो चौकोन लाल असतो आणि शेजारच्या पाटीवर आकडा असतो : पेट्रोलला 1203, डिझेलला 1202. हे चित्र दिसलं की मागचापुढचा विचार नको, आग लांब ठेवा.

एका श्रोत्यांनी मघाशी चिठ्ठी पाठवली होती : मग न पेटणाऱ्या वस्तूला काय म्हणायचं? नॉन-फ्लेमेबल. दोन्ही शब्दांचा विरुद्धार्थी शब्द हाच धरून चाला. दुसरी चिठ्ठी : कम्बस्टिबल म्हणजे काय? तोही जळणाराच, पण सहसा जरा जास्त ऊब लागणारा. अमेरिकी नियमांत ही सीमा परंपरेने 37.8 अंशांच्या फ्लॅश पॉइंटवर मानली गेली. त्याखाली फ्लेमेबल, त्यावर कम्बस्टिबल.

तिसरी चिठ्ठी मला सगळ्यात आवडली : मराठीत काय लिहावं? आपल्याकडे ‘ज्वालाग्राही’ आहे. ज्वाला पकडणारा. शब्द थोडा जड, पण उलटा अर्थ लागायची सोय नाही. ‘ज्वलनशील’ही चालेल. मात्र कामगारांसाठी पाटी लिहायची असेल तर मी सांगेन, ‘लगेच पेटते. आग दूर ठेवा.’ एवढंच लिहा, मोठ्या अक्षरात. तुमच्यापैकी कुणी कारखान्यात असेल, कुणाची छोटी प्रयोगशाळा असेल, कुणी भाषांतर करत असेल. उद्या कामावर गेलात की आपल्याकडची लेबलं एकदा वाचा. जिथे इनफ्लेमेबल दिसेल तिथे शेजारच्या माणसाला विचारा, याचा अर्थ काय? उत्तर चुकलं, तर त्या डब्याखाली मराठीत एक ओळ लिहून चिकटवा.