मांडवी ओलांडलेला देव

देऊळ जुनं म्हणजे त्याच्या भिंती जुन्या, असं आपण सहज धरून चालतो. नार्व्याच्या सप्तकोटेश्वरासमोर उभं राहिलं की हा हिशेब चुकतो. मालवणहून दक्षिणेला निघून बांदा आणि डोडामार्ग मागे टाकलं की गोव्यातली डिचोली लागते, तिथून नार्वे जवळच. देऊळ शिवकाळातलं, पण आतला देव कदंबांचा.

समोर मांडवीच्या पात्रात दिवाडी बेट आहे. देवाचं मूळ ठिकाण ते. गोव्याचे कदंब राजे सप्तकोटेश्वराचा वर लाभल्याचं बिरुद मिरवत, आपल्या सोन्याच्या नाण्यांवरही ते उमटवत. त्यांच्या काळचं देऊळ कसं असेल, याची कल्पना तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला गेलं की करता येते: काळा बेसॉल्ट, घडीव खांब, कोरीव छत. चौदाव्या शतकात बहामनी सत्तेने दिवाडीचं देऊळ पाडलं. पुढे गोवा विजयनगरकडे गेला आणि माधव मंत्र्याने ते पुन्हा बांधलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेही पाडलं. लिंग विहिरीवर रहाटाच्या कामाला जुंपलं गेलं, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकिकत आहे. भाविकांनी तिथून ते गुपचूप नदीपार नेलं. पलीकडचा मुलूख आदिलशाहीचा होता, पोर्तुगीजांचा हात तिथे पोचत नव्हता. नुसतं पात्र ओलांडलं की राज्य बदलत होतं! आणि गंमत अशी, की इकडचंही नार्वे आणि दिवाडीवरचंही नार्वेच.

शंभरेक वर्षांनी या देवाला हक्काचं देऊळ मिळालं. दारावरच्या छोट्या संस्कृत शिलालेखात शके १५९०, कार्तिक वद्य पंचमीला शिवरायांच्या आज्ञेने देवालयाला प्रारंभ झाल्याची नोंद आहे. साल १६६८. आपल्या मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं ते १६६४ मध्ये. समुद्रात किल्ला उभारणारा राजा चारच वर्षांत मांडवीकाठी एक उखडलेला देव परत बसवतो, हे वाचताना माझा तरी ऊर भरून येतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते मात्र या देवळाचं रूप. कदंबांच्या देवळाची नक्कल इथे नाही. भिंती जांभ्याच्या. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, चिरे सहज तासता येतात, आणि उघड्यावर हवा लागली की तो कठीण होतो. बारीक नक्षी मात्र त्यावर टिकत नाही. म्हणून इथे सौंदर्य कोरण्यातून येत नाही, आकारातून येतं. गाभारा चौकोनी आणि घुमट गोल, यांची सांधेजोड करायला मध्ये अष्टकोनी बैठक. ती घुमटाला छपराच्या वर उचलूनही धरते. खाली उतरती कौलारू छपरं, कारण आपल्याकडचा पाऊस तीन-तीन हजार मिलिमीटरचा. घुमटाचा आकार मुसलमानी बांधणीतला, मंडपाची धाटणी युरोपीय वळणाची, बाहेर उंच दीपस्तंभ. ज्या सत्तांनी जुनी देवळं पाडली, त्यांच्याच बांधकामातल्या युक्त्या इथे बिनदिक्कत देवाच्या सेवेला लागल्या आहेत. गाभाऱ्यात मात्र पैलूदार धारालिंग, या सगळ्याच्या आधीचं.

घुमट, अष्टकोन आणि कौलं यांची ही संगत पुढे गोव्यात चांगलीच रुजली. अठराव्या शतकात कवळ्याच्या शांतादुर्गेचं आजचं देऊळ उभं राहिलं, तेही याच घराण्यातलं. त्यासाठी शाहू महाराजांचं साहाय्य मिळवणारे नारोराम मंत्री मूळचे आपल्या वेंगुर्ल्याकडच्या कोचऱ्याचे. सप्तकोटेश्वराचं देऊळ अलीकडे गोवा सरकारने दुरुस्त केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. गेलात तर घुमट पाहण्याआधी दारावरचा लेख शोधा, आणि मग फेरीबोटीने दिवाडीवर जाऊन पहिली जागाही पाहून या.