माटुंग्याचे प्राध्यापक शर्मा

रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक मनमोहन शर्मा यांचा जन्म १ मे १९३७ रोजी जोधपूर येथे झाला. मुंबई विद्यापीठाच्या माटुंगा येथील रासायनिक तंत्रज्ञान विभागात पदवी संपादन करून ते केंब्रिजला गेले. तेथे प्रा. डँकवर्ट्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९६४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली व त्याच वर्षी ते माटुंग्यास परतले, तेही थेट प्राध्यापक म्हणून. वय अवघे २७!

त्यांच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय म्हणजे द्रवात वायूचे होणारे शोषण. खतकारखान्यात अमोनिया बनविण्यापूर्वी वायुमिश्रणातील कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा लागतो. त्यासाठी ते मिश्रण उंच मनोऱ्यात योग्य द्रावणाच्या संपर्कात आणतात. हिशेब चुकल्यास मनोरा अपुरा पडतो, किंवा नाहक उंच होऊन भांडवल वाया जाते. हा हिशेब वायू आणि द्रव यांच्या संपर्कपृष्ठावर अवलंबून असतो. परंतु खळाळत्या द्रवातील असंख्य बुडबुड्यांचे पृष्ठफळ मोजावे कसे? युक्ती मोठी सुबक आहे. जिचा वेग अगोदरच ठाऊक आहे अशी अभिक्रिया त्याच पात्रात घडवून आणावयाची आणि शोषल्या गेलेल्या वायूवरून पृष्ठफळ काढावयाचे. या पद्धतीचा पाया भक्कम करण्यात डँकवर्ट्स आणि शर्मा यांचा मोठा वाटा आहे.

१९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. २००१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. सन्मानांची यादी याहून लांब आहे. १९८९ ते १९९७ या काळात त्यांनी माटुंग्याच्या याच संस्थेचे संचालकपद सांभाळले.