रात्री जागणारं बाळ आणि फार निजणारं बाळ

पऱ्हाटी फुटली, वेचणी लागली, की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घरचं झाडून सारं माणूस वावरात असतं. घरी बाळंतीण असेल तर दिवसा तिच्याजवळ सासूबाई तेवढ्या, आणि रात्री दमून आलेल्या घराला झोप हवी असते. बाळाला त्याचं काय! बारशापर्यंत गुणी म्हणून वाखाणलेलं लेकरू तिसऱ्या आठवड्यात एकाएकी दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत घडीघडी पाजायला मागतं आणि घरात एकच बोल सुरू होतो, "हिला दूधच पुरेसं नाही." मग गाईचं दूध येतं, बाटली येते, कोणी घुटी उगाळायला बसतं.

बहिणींनो, इथं जरा थांबा. जन्माच्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी लहान चमचाभर दूध मावतं. म्हणून पहिल्या दिवसांतला चीक थोडका असला तरी पुरतो. तो पिळून टाकू नका. पोट एवढंसं आणि आईचं दूध पचायला हलकं, त्यामुळं चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. बाळ दिवसाकाठी सोळा तासांच्या आसपास झोपतं खरं, पण तुकड्यातुकड्यांनी. रात्र कोणती नि दिवस कोणता, हे उमगायला त्याला तीनेक महिने लागतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा दीड महिन्याच्या सुमारास पुष्कळ बाळं अशी एकदम जास्त ओढतात. ते ओढतात म्हणूनच दूध वाढतं. ज्यांच्या दारी गाय-म्हैस आहे त्यांना हे काय सांगावं? कासेत दूध राहू दिलं की जनावर आटतं. बाटली दिली की बाळ कमी ओढतं, आणि सासूबाईंचा बोल मग खरा ठरतो! दोन-चार दिवस मागेल तेव्हा पाजा, घडी बसते. रडणंही दीड महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं, पुढं उतरतं.

दूध पुरतं का, ते लघवीवरून ओळखा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा व्हायला हवी. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, ते दहा ते चौदा दिवसांत भरून निघतं. उन्हाळा कितीही तापला तरी सहा महिने वरचं पाणी नको. मध तर वर्षभर चाटवू नका; त्यातल्या एका जंतूमुळं तान्ह्या बाळाचं अंग लुळं पडू शकतं.

आणि घरधनी? रात्री मोटारीची लाईट आली की ते बिनतक्रार उठून पाणी द्यायला जातात. तसंच बाळाला ढेकर काढायला अर्धा तास खांद्यावर घेतलं तर बाळंतिणीला डोळा लावता येईल.

आता फार निजणाऱ्या बाळाचं. रडत नाही, मागत नाही, "किती शहाणं!" असं आपण म्हणतो. आधी चांगलं ओढणारं बाळ ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, अंग ढिलं पडलं, हातपाय गार लागले किंवा ताप आला, तर ते शहाणपण नव्हे, दुखणं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना अशी लक्षणं ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊ लागल्या त्या याच वाटेनं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. "बाळ झोपलंय" म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. उठवा, वजन करू द्या, त्यांच्यासमोर पाजून दाखवा.

पहिल्या आठवड्यात बाळ तीन-चार तास उठलंच नाही, तर तळपाय चोळून जागं करा आणि पाजा. तरीही ओढत नसेल, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त चालत असेल, किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन लावा. निघताना बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला, आणि ओढत असेल तर वाटेतही पाजत राहा.