जुनी हायब्रिड घेताय? गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेल्या महिन्यात मावसभावासोबत पुण्यात एक सेकंड हँड ग्रँड व्हिटारा बघायला गेलो. "हायब्रिड आहे, अठ्ठावीसचं ॲव्हरेज," विकणारे काका म्हणाले. दार उघडलं, तर आत क्लचचं पेडल! काका खोटं बोलत नव्हते. त्यांनाही फरक माहीत नव्हता. अशा गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. घामाचा पैसा मोजण्याआधी काही गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज 1: हायब्रिड म्हटलं की सगळ्या सारख्याच.
वस्तुस्थिती: माइल्ड हायब्रिडमधली छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. 2015 च्या सियाझ डिझेलमधलं 'एसएचव्हीएस' याच जातीचं. स्ट्राँग हायब्रिड मात्र काही अंतर नुसत्या मोटरवर धावते. ग्रँड व्हिटारा दोन्ही प्रकारांत विकली गेली. चाचणीतलं ॲव्हरेज माइल्ड मॅन्युअलचं लिटरला 21.11 किलोमीटर, स्ट्राँगचं 27.97. क्लच दिसला, तर ती स्ट्राँग नव्हे. ऑटोमॅटिक असेल, तर आरसी आणि मूळ बिलावर व्हेरिअंटचं पूर्ण नाव वाचा.

गैरसमज 2: रोज चार्जिंगला लावावी लागते.
वस्तुस्थिती: या गाड्यांना प्लगच नाही. ग्रँड व्हिटारा स्ट्राँगची बॅटरी जेमतेम 0.76 युनिट वीज साठवते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती आणि इंजिन यांतून ती भरत राहते. त्यामुळे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल चांगलं वाचतं, एक्सप्रेस वेवर फायदा कमी होतो. तुमचा रोजचा रस्ता कोणता, हे आधी बघा.

गैरसमज 3: चार-पाच वर्षांत बॅटरी संपते आणि गाडी भंगारात जाते.
वस्तुस्थिती: बॅटरी पूर्ण भरू नये आणि पूर्ण रिकामीही होऊ नये, याची काळजी गाडीतला संगणक घेतो. म्हणून ती टिकते. हायरायडर, ग्रँड व्हिटारा, सिटी हायब्रिड यांच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे. म्हणजे 2022 अखेरीस घेतलेल्या गाडीला 2030 अखेरपर्यंत संरक्षण मिळू शकतं. चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून खात्री करून घ्या. दहा वर्षांपूर्वीची कॅमरी हायब्रिड असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च विचारून मगच भाव ठरवा.

गैरसमज 4: किलोमीटर कमी, म्हणजे गाडी उत्तम.
वस्तुस्थिती: महिनोन्महिने उभी राहिलेली हायब्रिड चांगली राहतेच असं नाही. हायब्रिडमध्ये नेहमीची 12 व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. दुसरी गोष्ट जाळीची. बऱ्याच मॉडेलमध्ये मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारी हवा केबिनमधून एका छोट्या जाळीवाटे आत जाते. मॅन्युअलमध्ये तिची जागा शोधा आणि टॉर्च मारा. धूळ, केस, कुत्र्याची लव अडकलेली दिसली, तर बॅटरीने उन्हाळे तापत काढले असण्याची शक्यता धरा.

गैरसमज 5: नेहमीचा मेकॅनिक बघेल सगळं.
वस्तुस्थिती: टायर, सस्पेन्शन, अपघाताच्या खुणा त्याला जरूर दाखवा. पण बॉनेटखालच्या नारिंगी केबलमध्ये जिवावर बेतणारा व्होल्टेज असतो. बॅटरीची तब्येत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून कळते. रिपोर्ट लेखी घ्या. गाडी सकाळी थंड असतानाच बघायला जा. 'रेडी' दिवा लागला आणि इंजिनाचा आवाज आला नाही, तर घाबरू नका. तिची रीतच तशी आहे.

मावसभावाला ती गाडी आवडली होती. त्याने माइल्ड आणि स्ट्राँगमधला फरक काकांना शांतपणे समजावला आणि माइल्डच्या भावाने गाडी घेतली. व्यवहार दोघांच्याही मनासारखा झाला.